उतारावर उभी राहणारी पिकअप

थांबा, टायरला लाथ मारू नका. आजवर माझ्या टायरना इतक्या लाथा बसल्या आहेत, पण त्यातून कोणाला काय कळलं ते मला अजून समजलेलं नाही. मी एक पिकअप गाडी. रंग पांढरा, डाव्या गालाला पोचा, हौद्याचा पत्रा दोन ठिकाणी बदललेला. मी आता विकाऊ नाही. पण तुम्ही जुन्या गाडीच्या शोधात निघाला असाल, तर दोन घटका माझ्यापाशी थांबा. गाडी कशी निवडतात हे मी गाडीच्या बाजूनं पाहिलं आहे.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्यासारख्या कितीतरी जणी तिथे रांगेत उभ्या होत्या. एका लांबलचक ट्रेलरवर चढवून आम्हाला या शहरात आणलं, तेव्हा वेशीवरच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं होतं. पुढे पाटी बदलली. माझ्या नंबरातला एमएच वीस मात्र तोच राहिला.

माझे पहिले मालक मुकुंदराव. त्यांच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीत लेखणी चालवणारे. वाळूजच्या कारखान्यातली नोकरी सोडून धंद्यात उतरलेला हा घरातला पहिलाच माणूस. धंदा होता थंड पाण्याच्या जारचा. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येई, आणि पाऊस लांबला की ते दिवस आणखी वाढत. दुष्काळात सगळ्यांचे धंदे बसतात, आमचा मात्र तेजीत असायचा. मी ऑफिसांना, मंगल कार्यालयांना, नव्या-नव्या कॉलन्यांना जार पोचवत हिंडायची.

मुकुंदरावांच्या पत्नी कालिंदीताईंनी मला पहिल्या दिवशी ओवाळलं होतं. "जपून चालवा हो, नजर लागेल तिला," असं त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. मुकुंदरावही रोज सकाळी स्वतः ऑइलची पट्टी ओढून पाहायचे. तेव्हा मला वाटायचं, सगळ्याच गाड्यांना असंच सुख असतं. लाडात वाढलेल्या लेकीला सासर कळत नाही, तसंच माझं झालं.

धंदा वाढला, मुकुंदरावांनी मोठी गाडी घेतली आणि मी बीड बायपासकडच्या एका बांधकाम साहित्यवाल्याकडे गेले. तिथे मात्र माझे डोळे उघडले. ज्या शेतात मी आदल्या वर्षी ज्वारी पाहिली होती तिथे मीच विटा टाकायला जाऊ लागले. वाळू, खडी, सिमेंट, माझ्या डोक्यावरून पुढे लोंबणाऱ्या सळया. स्प्रिंगचे पाटे कुरकुरायचे, पण ड्रायव्हर गाणी ऐकण्यात दंग. शहर वाढत होतं आणि ते माझ्या पाठीवरून वाढत होतं, असं म्हटलं तर फार खोटं होणार नाही.

तिथेच मला एक दुखणं लागलं. सकाळी अंग गार पडलं की मी चालूच होईना. नुसती घरघर करायची आणि गप्प बसायची. मला नेमकं काय झालंय ते माझं मलाच कळत नव्हतं. पण साइटवर माणसांना तोटा नव्हता. चार गवंडी, चार बिगारी मागून ढकलायचे आणि मी खोकत-खोकत चालू व्हायची. एकदा चालू झाले की दिवसभर कुरकुर नाही. त्यामुळे माझं दुखणं दाखवायची गरज कोणालाच वाटली नाही.

शेवटी मी चिकलठाण्याच्या पुढे, रस्त्याकडेच्या एका मैदानात येऊन उभी राहिले. तिथे हिमांशू नावाचा तरुण जुन्या गाड्या विकायचा. गॉगल, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधाळ. त्यानं मला नवा रंग दिला, टायर काळे केले, आरशाला लाल गोंडा बांधला. माझं सकाळचं दुखणं त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधीच तो मला ढकलून चालू करायचा, चांगली तापवायचा आणि मग बंद करून ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की किल्ली फिरवायची, आणि मी अशी चटकन उठायची, की पाहणाऱ्याला वाटावं, गाडी असावी तर अशी.

तिथे मी माणसांच्या तऱ्हा पाहिल्या. कोणी दार धाडकन लावून बघतं, कोणी हॉर्न वाजवून खूश होतं. किलोमीटरच्या काट्यावर कोणाचाच विश्वास नसतो, तरी सगळे तोच आधी बघतात. एक गृहस्थ तर फक्त नंबरातल्या आकड्यांची बेरीज करून निघून गेले.

एकच माणूस नीट बघणारा आला. तो खाली वाकून चासीला कुठे जोड दिलाय का ते पाहत गेला, टायरची झीज दोन्ही कडांना सारखी आहे का ते पाहिलं, कागदावरचा चासी नंबर माझ्या अंगावरच्या नंबराशी ताडला. मग त्यानं माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"गरम आहे. उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका," तो म्हणाला.

"सकाळी आपलं बंद असतं ना, सर," हिमांशू गोड हसला.

तो माणूसही हसला आणि गेला. त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मला राग आला. दुखणं माझं होतं, पण लपवलं होतं दुसऱ्यानं.

त्यानंतर काही दिवसांनी पिशोरकडची मंडळी आली. डोक्याला लाल पटका बांधलेला कडूबा, त्याची बायको राजाबाई, मुलगा शिवशंकर आणि सून शालू. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारं घर. दुष्काळ लागोपाठ पडत होता. आतापर्यंत त्यांचं बिऱ्हाड घोड्यावर चालायचं, पण आता चारा उरला होता एका डोंगराला आणि पाणी दुसऱ्याच शिवारात. कळप दोन्हीकडे रोज चालवला तर वाटेतच निम्मी मेंढरं बसतील. टाकी भरून पाणी कळपापाशी आणायचं, तर गाडी हवी होती. त्यासाठी त्यांनी मेंढ्या विकल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच राजाबाईच्या होत्या. लग्नात माहेराहून तिला एक मेंढी मिळाली होती, तिच्याच या लेकी, नाती, पणत्या. उरलेला कळप जगवायचा म्हणून तिनं त्या दिल्या. गाडी फसली असती, तर विकलेल्याही गेल्या आणि राहिलेल्याही गेल्या.

शिवशंकर आधी टेपपाशी गेला. शालूनं मागचा फाळका उघडून उंची पाहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "गाभण मेंढी चढंल का वर? का दगडं रचावी लागतील?" कडूबा मात्र माझ्याभोवती सावकाश फिरला. माझ्या टायरच्या खाचांत त्यानं बोट घातलं, जसं मेंढीचे दात बघतात तसं. पाट्यांवरून हात फिरवला. मग पुढे येऊन त्यानं माझ्या बॉनेटवर पंजा टेकवला आणि डोळे मिटून उभा राहिला.

त्याचा चेहरा खुलला. "अंगात ऊब हाय," तो राजाबाईला म्हणाला. "आजारी जनावराचं आधी कान गार पडत्यात. हिचं अंग बघ, कसं निरोगी हाय."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे बाबा, तुझ्या मेंढीला जे लागू पडतं ते मला नाही! पण गाडीला तोंड कुठे? हॉर्न असतो, तोही दुसऱ्यानं दाबायचा. हिमांशू तर मान डोलावून म्हणाला, "बरोबर ओळखलं बाबा तुम्ही. हाताला गुण आहे तुमच्या."

राजाबाई एवढा वेळ केबिनमध्ये बसून होती. तिनं सीटवरून हात फिरवला, खाली उतरली आणि हिमांशूला विचारलं, "इकायला काहून काढली ही?"

"मालकानं नवीन घेतली ना, मावशी."

"चांगली व्हती तर हीच ठिवली का नाय?"

सगळे हसले. हिमांशू सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्या हसण्यात प्रश्न वाहून गेला आणि सौदा झाला.

निघताना राजाबाईनं किल्लीला लावलेला हिमांशूच्या दुकानाचा बिल्ला सोडवून टेबलावर ठेवला. हिमांशूला काही समजेना. "जनावर इकलं तरी दावं देत नसत्यात, बाबा. ते तुमच्याच दारात ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिच्या माणसांत तशी रीत होती, आणि दुसऱ्याची बरकत तिला आपल्या घरात नको होती.

कन्नडच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या रानात त्यांचा तळ होता. रात्री मेंढरं रानात बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी जमीन कसदार होते, आणि त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो. दुष्काळात हेच त्यांचं पोटाचं साधन होतं. पाणी मिळणार होतं डोंगरापलीकडच्या सांडू नावाच्या शेतकऱ्याच्या बोअरला. सांडू मनानं मोकळा माणूस. पण शेतीची लाईट पहाटे यायची आणि उन्हं वर चढायच्या आत जायची. "लाईट हाय तवर या," त्यानं सांगितलं होतं, "मंग बोअरलाबी बोलून उपेग नाय."

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. मला नेमकं पहाटेच दुखणं यायचं आणि मी नेमकी पहाटेच हवी होते.

पहिल्या पहाटे शिवशंकरनं किल्ली फिरवली. मी घरघरले. परत फिरवली, मी परत घरघरले. थंडीचे दिवस, डोंगरावरून वारं उतरत होतं. किल्ली फिरवून-फिरवून त्यानं माझी बॅटरी पार बसवली. तिकडे लाईट आली आणि गेली. कळपातल्या मेंढ्या रिकाम्या टाकीच्या वासानं माझ्याभोवती गोळा झाल्या आणि माझे टायर चाटू लागल्या. एका कोकरानं माझ्या बंपरला तोंड लावलं. इतकी वर्षं मी वाळू आणि सळया वाहिल्या, पण तेवढा जड दिवस मला आठवत नाही.

कडूबानं बॉनेटवर हात ठेवला. ते बर्फासारखं गार होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "रातीत काय झालं हिला?" तो पुटपुटला. त्या संध्याकाळी त्यानं स्वतःच्या अंगावरची घोंगडी माझ्यावर पांघरली आणि आपण शेकोटीपाशी गुडघे पोटाशी घेऊन निजला. शिवशंकरला हसू आवरेना. मला मात्र गहिवरून आलं. ओवाळून घेणं वेगळं आणि कोणी आपल्या अंगावरचं पांघरूण काढून देणं वेगळं.

बॅटरी चार्ज करून आणल्यावर दुसऱ्या दिवशी मी कशीबशी चालू झाले, तिसऱ्या दिवशी नाही. मग घरातले सगळे मिळून ढकलू लागले. पण साइटवर सोळा हात होते, इथे चौघांचे आठ, त्यात शालू तान्ह्या कोकरांत अडकलेली. नांगरटीच्या ढेकळांत माझी चाकं रुतायची.

शेवटी राजाबाईनं तोड काढली. "हिला उतारावर ठिवा. सोडली की आपसूक पळंल."

तसं केलं. पहाटे शिवशंकर ब्रेक सोडायचा, मी उतारावरून घरंगळायची, तो गिअर टाकून क्लच सोडायचा आणि मी जागी व्हायची. पाणी वेळेवर मिळू लागलं. पण तेवढ्यानं भागलं नाही. उतार शेतांपासून लांब; गाडी तिथे, तर टाकीही तिथे, मग तळही तिथेच. आणि उतार म्हणजे मुरमाड माळ. तिथे लेंड्या पाडून कोणाच्या जमिनीचं भलं होणार? शेतकऱ्यांचं धान्य बंद झालं. माझ्यापायी मेंढरांना पाणी मिळत होतं आणि माणसांच्या ताटातली भाकरी निम्मी होत होती. राजाबाई आपल्या वाटणीची भाकरी शालूच्या ताटात सरकवायची, ते मी समोरच उभी राहून पाहायची.

"इकून टाकू," एक दिवस शिवशंकर म्हणाला. "जशी आपल्या गळ्यात मारली तशी दुसऱ्याच्या मारू. तापवून ठिवायची, बास."

तोवर हिमांशूची युक्ती त्यांच्या ध्यानात आलेली होती. आपल्या हाताचा गुण आपल्यालाच नडला हे कडूबाला फार लागलं होतं. राजाबाई शेळीची धार काढत होती, तिनं मान वर केली नाही.

गिऱ्हाईक आलं सिल्लोडकडून. फकिरा त्याचं नाव. उंचापुरा, कमी बोलणारा. येताना बायको द्वारकाबाईलाही घेऊन आला होता. शिवशंकरनं मला सकाळीच उतारावरून सोडून चांगली गरम केली होती आणि आता सपाटीवर आणून ठेवलं होतं. फकिरानं बॉनेट उघडलं. वाफ त्याच्या तोंडावर आली.

"आत्ताच कुठून आली का?"

"व्हय, पाणी आणलं," शिवशंकर म्हणाला. त्या दिवशी पाणी पहाटेच येऊन सगळं संपलंही होतं. कडूबा जमिनीकडे बघत उभा राहिला. फकिरानं किल्ली फिरवली आणि मी चटकन उठले. मला माझीच लाज वाटली, पण गरम असताना उठायचं नाही हे माझ्या हातात कुठे होतं?

राजाबाईनं चुलीवर चहा ठेवला आणि द्वारकाबाईला सहज विचारलं, "काय धंदा करायचा गाडीवर?"

"मका गेला औंदा सगळा," द्वारकाबाई म्हणाली. "गावातल्या बाया शहराकडं कामाला जात्यात, बिल्डिंगीवर. पहाटं अंधारात निघावं लागतं. उशीर झाला की मुकादम माघारी धाडतो, दिसाची मजुरी जाती. हे म्हणले, आपणच गाडी घेऊ आन समद्यांना टायमावर नेऊ. म्याबी त्यातच हाय."

राजाबाईच्या हातातली कपबशी तिथेच थांबली. तिनं द्वारकाबाईच्या हातांकडे पाहिलं. सिमेंटनं बोटांची टोकं फुटलेली होती.

पलीकडे फकिरानं शिवशंकरच्या हातात विसार द्यायला पैसे काढले होते. शिवशंकरचा हात पुढे गेलाही होता.

"पैशे ठिवा माघारी," राजाबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळे थांबले. "ही गाडी पहाटं चालू व्हत नाय."

"आई!" शिवशंकर ओरडला.

"उतार आसला तर व्हती," ती फकिराला म्हणाली. "तुमच्या दारात उतार हाय का?"

फकिरा गोंधळला. "नाय. सपाट हाय."

"मंग ह्या बाया अंधारात रस्त्यावर उभ्या ऱ्हातील."

शिवशंकर रागानं लाल झाला. "आपुन मेलो तरी चालंल का?" तो म्हणाला. "तुझ्याच मेंढ्या गेल्या ना ह्याच्यात? आपल्याला सांगितलं का कोणी?"

"नाय सांगितलं," राजाबाई म्हणाली. "म्हणून तर उपाशी हाय. आता ह्यांनाबी उपाशी ठिवू?" तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते पुसलेही नाहीत. कडूबानं पटका काढून हातात घेतला आणि तो फकिरापुढे हात जोडून उभा राहिला. "ती खरं बोलती," एवढंच तो म्हणाला.

मी अनेक सौदे पाहिले, पण असा सौदा पाहिला नव्हता, ज्यात विकणारीच गिऱ्हाइकाला माघारी पाठवते. तिला मी नको होते, माझ्यामुळे तिचं घर अर्धपोटी होतं, आणि तरी तिनं मला खपवलं नाही. त्या क्षणी मला वाटलं, या बाईच्या दारात आपण चालू होऊ शकत नाही, याहून मोठं दुःख नाही.

फकिरानं पैसे खिशात ठेवले. मग म्हणाला, "गार हू द्या तिला. उद्या पहाटं येतो. मामा हायेत कन्नडला माझं, तिथंच मुक्काम करतो."

तो खरंच आला. दंव पडलेलं होतं, माझ्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यानं बॉनेट उघडलं, एक तार घेतली, बॅटरीपासून इकडे-तिकडे टेकवून पाहिली. सगळे श्वास रोखून उभे. मीसुद्धा.

"हीटर गेलेत," तो म्हणाला. "इंजिन गार असलं की आधी आतून ऊब द्यावी लागती. त्या ऊब देणाऱ्या कांड्या जळाल्यात. एक जित्ती हाय, बाकी मेल्या. इंजिनाला काय झालं नाय."

"म्हंजी आजारी नाय ती?" कडूबानं विचारलं.

"नाय. गारठती."

"म्या घोंगडी टाकली व्हती की!" कडूबा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्या तळावर सगळे पोट धरून हसले. शिवशंकरसुद्धा हसला, जरा उशिरानं.

फकिरा हात पुसत राजाबाईपाशी आला. "खरं सांगू का, मावशी? मला काल वाफ बघूनच शंका आली व्हती. पुढं-मागं हीटर बदलून घेऊ, आसंच मनात व्हतं. तुमाला पाडून मागून, गप गाडी घेऊन गेलो आसतो. पर तुमी बोलल्या." त्यानं हातातली तार गुंडाळली. "आता दुरुस्त करून वापरा. इकायची झाली तर मला आधी सांगा."

उतारावरून मला चालू करून राजाबाई आणि शिवशंकर शहरात शहागंजजवळच्या एका मिस्त्रीकडे गेले. मुनीरभाईंनी बॉनेट उघडलं आणि राजाबाईला म्हणाले, "कुछ नई हुआ अम्मा इसको. सुबू की ठंड सहन नई होती बेचारी से." त्यांनी चारही हीटर नवे घातले. गाडी मोडीत काढणारं दुखणं म्हणून ज्याला सगळे घाबरले होते, ते माणसाच्या बोटाएवढ्या कांड्यांत होतं.

दुसऱ्या पहाटे मी सपाट रानात उभी होते. शिवशंकरनं किल्ली अर्धी फिरवली, हीटरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबला, मग पूर्ण फिरवली. मी उठले. शालूनं आनंदानं टाळी वाजवली आणि मेंढरं बिचकून पळाली. राजाबाईनं माझ्या काचेवरचं दंव पदरानं पुसलं आणि केबिनमध्ये चढून बसली.

पुन्हा शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसू लागली, धान्य येऊ लागलं. त्या उन्हाळ्यात काही मेंढरं गेलीच, दुष्काळ कोणाला सोडतो? पण कळप तगला. राजाबाईच्या माहेरच्या वंशातल्या ज्या दोन-चार मेंढ्या उरल्या होत्या, त्या सगळ्या जगल्या. त्यांची कोकरं केबिनमध्ये शालूच्या मांडीवर बसून फिरली, आणि माझ्या सीटला जो वास लागला तो आजही गेलेला नाही. मी सगळ्या पहाटे उठले असं म्हणणार नाही. फार कडाक्याची थंडी पडली की अजूनही मी दोनदा विचार करते.

पाऊस आले, पुन्हा गेले, मधे आणखी एक दुष्काळ पडला, तोही आम्ही काढला. पण शहर काही थांबलं नाही. चराईच्या माळांवर चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉटच्या पाट्या लागल्या, मोठा रस्ता आला आणि त्याला दोन्हीकडून तारेचं कुंपण. मेंढरं कुंपणाशी उभी राहून पलीकडचं गवत बघायची. कळप लहान होत गेला. शिवशंकर शेंद्र्याच्या कारखान्यात माल वाहायच्या गाडीवर लागला. मी पिशोरला घरापुढे नुसती उभी राहू लागले. उभ्या गाडीला गंज लवकर धरतो. माझंही तसंच होऊ लागलं.

आता मी सिल्लोडकडे फकिराच्या दारात असते. पहाटे बाया माझ्या हौद्यात चढतात, डबे सांभाळतात, एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढतात आणि शहराकडे जातात. वय झालं आहे, आणखी किती वर्षं रस्त्यावर राहू देतील कोणास ठाऊक. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. तुम्ही जुनी गाडी घ्यायला निघाला असाल तर माझी एवढीच विनंती आहे, की ती गार असताना बघा, चासी बघा, कागद बघा, हौद्याखाली वाका. आणि विकणाऱ्याच्या घरच्यांशीही चार शब्द बोला. चला, बाया येतीलच आता. मी इथं कशी आले, तेवढं सांगते आणि तुमचा निरोप घेते.

राजाबाईनं फकिराला निरोप धाडला होता. तो आला, बाहेर चप्पल काढली, बाजेवर टेकला. शिवशंकर कौतुकानं म्हणाला, "बॉनेट उघडून बगा की, गारच हाय."

फकिरा उठला नाही. त्यानं राजाबाईला विचारलं, "काय सांगायचं हाय का, मावशी?"

राजाबाईनं जरा आठवून पाहिलं. "डावं दार आतून उघडत नाय. पावसात टपातून गळतं. चौथा गिअर कधीमधी वरडतो."

"आन?"

"आन काय नाय."

"बरं," फकिरा म्हणाला आणि त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला.